जीवशास्त्र आवडते, पण दिशा ठरत नाही: बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी निर्णयापर्यंत कसे पोहोचावे

प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या वर्गात पहिल्या आठवड्यात मी दरवर्षी ‘पुढे काय करायचे ठरवले आहे?’ असा प्रश्न विचारते. तालुक्याच्या गावातील आमच्या महाविद्यालयात या प्रश्नावर बहुतेक माना खाली जातात. दोन-तीन जण ‘एम.एस्सी.’ म्हणतात, एखादा ‘एमपीएससी’ म्हणतो, आणि बाकीच्यांच्या मनात अजून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण घोळत असतात. या मुलांना जीवशास्त्राची खरी आवड असते. बेडकाच्या हृदयाचे चित्र काढताना ती रमतात, पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीवर बसलेला पतंग ओळखायला धावतात. तरीही तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत दिशा ठरत नाही, आणि मग जिथे मैत्रिणीने अर्ज भरला तिथेच अर्ज भरला जातो. हा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे.

मुलांचा प्रश्न बहुधा ‘मायक्रो घेऊ की बायोटेक?’ अशा स्वरूपात येतो. विषयाच्या नावावरून निवड करण्याची ही सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. नोकरीत मात्र विषयापेक्षा दिवस वाट्याला येतो. सकाळी किती वाजता निघायचे, उभे राहून काम करायचे की बसून, माणसांशी बोलायचे की यंत्राशी, कामाचे फळ संध्याकाळी दिसणार की चार वर्षांनी, या गोष्टींवर माणूस त्या कामात टिकतो किंवा कंटाळून बाहेर पडतो. एकाच वर्गातून सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेल्या तिघींपैकी एक कारखान्यात, दुसरी रुग्णालयात आणि तिसरी संशोधन संस्थेत गेली, तर वर्षभरानंतर त्यांच्या दिवसांत पदवीच्या नावाखेरीज फारसे साम्य उरत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या आपल्याला कोणत्या प्रकारचा दिवस मानवतो हे शोधण्यासाठी आणि ते थोड्या खर्चात पडताळून पाहण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: ‘नीट’चा प्रश्न तारीख घालून मिटवा

मनात ‘नीट’ अर्धवट उघडी असेल तर दुसरे काहीही नीट ठरत नाही, म्हणून सुरुवात इथून करावी लागते. २०२५ मध्ये ही परीक्षा २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली, आणि देशभरातील एमबीबीएसच्या सर्व जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपास आहेत. जीवशास्त्र घेतलेली बहुसंख्य मुले डॉक्टर होत नाहीत, हे साधे अंकगणित आहे. त्यात कोणाच्या बुद्धीचा किंवा कष्टाचा अपमान नाही.

अडचण अशी की हे दार आपोआप बंद होत नाही. २०२२ मध्ये वयाची कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली, आणि किती वेळा परीक्षेला बसावे यावरही बंधन नाही. त्यामुळे ‘अजून एकदा बघू’ हे वाक्य चार-चार वर्षे चालू राहते, बी.एस्सी.च्या वर्गात हजेरी लागते पण लक्ष क्लासच्या चाचणीत असते, आणि शेवटी दोन्हीकडे मधल्यामधले गुण हाती येतात. दार तुम्हालाच बंद करावे लागेल, किंवा पूर्ण उघडावे लागेल. पुन्हा बसायचेच असेल तर एक वर्ष सगळे बाजूला ठेवून बसा, आणि आधीच्या गुणांत नेमकी किती वाढ झाली तर प्रवेश मिळेल हे मागील वर्षीच्या कटऑफवरून कागदावर मांडून मग बसा. ५० गुणांची वाढ ही एक गोष्ट आहे, २५० गुणांची वाढ ही वेगळीच गोष्ट आहे.

याच परीक्षेतून पशुवैद्यकाचाही रस्ता जातो हे अनेकांना अर्ज भरतानाच कळते. मुंबईतील परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. जनावरांची ओढ असलेल्या, गोठ्यात वाढलेल्या मुलांनी बी.व्ही.एस्सी.कडे एमबीबीएस न मिळाल्याची भरपाई म्हणून पाहू नये, स्वतंत्रपणे पाहावे. तो दिवस वेगळा आहे, कष्टाचा आहे, आणि खेड्यांत त्याची गरज मोठी आहे.

दुसरी पायरी: महिनाभर स्वतःची नोंद ठेवा

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर, सहलीनंतर, सेमिनारनंतर तिच्यात दोन-तीन ओळी लिहा: आज हातांनी काय केले, कुठे वेळेचे भान राहिले नाही, कुठे घड्याळाकडे पाहिले. ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ एवढेच लिहून उपयोग होत नाही, कारण त्यातून काय आवडले ते कळत नाही.

नेमके काय पाहायचे ते एका प्रात्यक्षिकावरून सांगते. कांद्याच्या मुळांच्या टोकांतील पेशीविभाजन पाहण्याचे प्रात्यक्षिक प्रत्येकाने केलेले असते. मुळाचे टोक सौम्य आम्लात मऊ करायचे, अ‍ॅसिटोकार्मिन या रंगाचा थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवून वर टिपकागद धरायचा आणि अंगठ्याने सरळ दाब द्यायचा. अंगठा जरासा सरकला तरी पेशी एकमेकींवर चढतात आणि स्लाइड वाया जाते. आमच्या वर्गात एकदा एक मुलगी या प्रात्यक्षिकाला दोन तास चिकटून होती. अ‍ॅनाफेज ही विभाजनाची अवस्था दिसत नाही म्हणून तिने अकरा स्लाइड केल्या, आणि बाराव्या स्लाइडमध्ये गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जाताना दिसली तेव्हा तिने सगळ्यांना बोलावून दाखवले. तिच्या शेजारच्या मुलाने दुसऱ्याच स्लाइडवर समाधान मानले, पण त्याने शंभर-शंभर पेशींची पाच क्षेत्रे मोजून मायटॉटिक इंडेक्स, म्हणजे विभाजन चालू असलेल्या पेशींचे प्रमाण, काढला आणि वेगवेगळ्या वेळी तोडलेल्या मुळांत तो का बदलतो असे विचारत बसला. तिसरीला स्लाइडमध्ये फारसा रस नव्हता, पण मागच्या बाकावरच्या ज्या दोघांना काहीच समजले नव्हते त्यांना तिने सगळी पद्धत इतकी स्वच्छ समजावली की मी बाजूला उभी राहून ऐकत राहिले.

तिघांचे गुण जवळपास सारखेच होते. गुणपत्रिकेत त्यांच्यातील फरक उमटला नाही, पण नोंदवहीत उमटला असता. पहिलीच्या हातांत चिकाटी होती, दुसऱ्याला आकड्यांची भूक होती, तिसरी जन्मजात शिक्षिका होती. महिनाभरात तुमच्या वहीतही असा काही कल दिसू लागेल.

तिसरी पायरी: कामांचे दिवस जवळून ओळखा

आता बाहेर काय आहे ते पाहू. सगळ्या वाटांना इथे सारखी जागा देत नाही. ज्यांबद्दल मुलांना कमी माहिती असते त्यांच्यावर अधिक लिहिते.

संशोधनाचा दिवस मुलांना चित्रातला वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करते. जैविक संशोधनात एखादा प्रयोग जमण्याआधी अनेकदा फसतो, आणि फसलेल्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रयोग मांडण्याची ताकद हा या कामाचा गाभा आहे. बारा स्लाइड करणाऱ्या मुलीला हे मानवेल. मार्ग साधारण असा असतो: एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही छात्रवृत्तीसाठीची राष्ट्रीय परीक्षा किंवा तत्सम परीक्षा, मग पीएच.डी., जिला पाच-सहा वर्षे लागू शकतात. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ छात्रवृत्ती ४२,००० रुपये आहे, त्यावर घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे संशोधन करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत, ही गोष्ट पालकांना अवश्य सांगा. त्याच वेळी हेही सांगा की पीएच.डी.नंतर कायम नोकरी लगेच मिळेलच असे नाही. बहुतेकांना आणखी काही वर्षे पोस्ट-डॉक, म्हणजे मुदतीचे संशोधन, करावे लागते, पुष्कळदा परदेशात.

जीवशास्त्राच्या नेटचा पेपर २०० गुणांचा असतो आणि त्यातील १०० गुण ‘सी’ विभागाच्या २५ प्रश्नांना असतात. तो विभाग पाठांतराला दाद देत नाही. एखादा प्रयोग आणि त्याचा आलेख देऊन ‘यावरून काय सिद्ध होते?’ असे विचारले जाते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकेतील हे प्रश्न दुसऱ्या वर्षातच दहा-बारा सोडवून पाहा. उत्तरे चुकली तरी चालतील, पण प्रश्नांशी झगडताना मजा आली का, ते वहीत लिहा.

महाराष्ट्रातील मुलांना आपल्या दाराशी काय आहे याची कल्पना नसते. एकट्या पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, २००६ मध्ये सुरू झालेली आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांच्या नावाची, १९४६ पासून काम करणारी आघारकर संशोधन संस्था आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १८९९ पासूनची हाफकिन संस्था, खारघरला कर्करोगावर काम करणारे अ‍ॅक्ट्रेक, नागपुरात पर्यावरणावर काम करणारी नीरी, कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे. राजगुरुनगरला कांदा-लसणावर, पुण्याजवळच्या मांजरी गावी द्राक्षावर, सोलापूरला डाळिंबावर केंद्रीय संस्था काम करतात. राजगुरुनगरच्या बसस्थानकावरून शेकडो वेळा गेलेल्या मुलांना तिथे कांद्यावर संशोधन होते हे ठाऊक नसते, याचे मला खरेच वाईट वाटते.

दुसरा दिवस कारखान्याच्या प्रयोगशाळेतला. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेल्यांना लवकर नोकरी मिळण्याची शक्यता इथे बरीच असते, आणि वर्गात याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. पुणे, छत्रपती संभाजीनगर, तारापूर, गोव्यातील वेर्णा अशा ठिकाणी इंजेक्शने, लसी आणि गोळ्या बनवणारे कारखाने आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी ‘क्यूसी मायक्रो’ हा जंतूंच्या दृष्टीने गुणवत्ता तपासणारा विभाग असतो. तिथे निर्जंतुक खोलीत जाण्याआधी ठरलेल्या क्रमाने पोशाख चढवावा लागतो, त्याला ‘गाउनिंग’ म्हणतात, आणि ते नीट केले की नाही हे तुमच्या हातमोज्यांचा ठसा जंतू वाढवण्याच्या माध्यमावर घेऊन तपासले जाते. खोलीतील हवेत जंतू आहेत का हे पाहण्यासाठी माध्यमाच्या उघड्या प्लेट ठेवतात, मग त्या इन्क्युबेटरमध्ये जातात आणि नंतर त्यांवरील कॉलनी, म्हणजे उगवलेले जंतूंचे ठिपके, मोजायच्या असतात. इंजेक्शनच्या निर्जंतुकतेची चाचणी १४ दिवस चालते: माध्यमाच्या काही नळ्या ३० ते ३५ अंश सेल्सिअसला, काही २० ते २५ अंशांना, आणि ठरल्या दिवशी प्रत्येक नळी उजेडात धरून गढूळपणा आला का ते पाहायचे. चांगल्या दिवशी काहीच उगवत नाही. ‘काहीच उगवले नाही’ हे न चुकता, वेळ आणि सही घालून लिहायचे, हेच त्या दिवसाचे काम. नोंद नसेल तर काम झालेच नाही असे धरतात.

काहींना हे कंटाळवाणे वाटेल. पण ती कुपी उद्या कोणाच्या तरी शिरेत जाणार आहे, आणि तुमच्या सहीशिवाय ती दाराबाहेर पडत नाही. नीटनेटके, शिस्तीचे, खाडाखोड न करणारे विद्यार्थी या कामात फार चांगले नाव काढतात. पाळ्यांची तयारी मात्र हवी, आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर इथूनच गुणवत्ता हमी, नियामक कागदपत्रे, प्रमाणीकरण अशा विभागांत जाता येते, हे पहिल्या वर्षाच्या थकव्यात विसरू नये.

तिसरा दिवस रुग्णालयातला. डॉक्टर न होताही रुग्णाच्या जवळ राहून काम करता येते: पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, रक्तपेढी, डायलिसिस, रेडिओग्राफी, दृष्टिपरीक्षण, आयव्हीएफ केंद्रातील भ्रूणविज्ञान. माणसांचा कंटाळा नसेल आणि रक्त, वास, घाई यांनी जीव घाबरत नसेल तरच इकडे या. डीएमएलटी या प्रयोगशाळा-तंत्रज्ञ पदविकेसारख्या अभ्यासक्रमांच्या बाबतीत एक गोष्ट पैसे भरण्याआधीच विचारायची: या प्रमाणपत्रावर राज्याच्या परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यामुळे मान्यता नसलेल्या पदविकांचे दिवस पुढे अधिकच कठीण होतील. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘शंभर टक्के नोकरी’ अशी पाटी लावलेल्या एका संस्थेत आईच्या पाटल्या गहाण ठेवून प्रवेश घेतला. वर्ष संपल्यावर नोंदणीला गेल्यावर तो अभ्यासक्रम यादीतच नसल्याचे कळले. ते वर्ष आणि त्या पाटल्या आठवल्या की अजूनही मला वाटते की प्रवेशाच्या आधी ती एकदा माझ्याकडे यायला हवी होती, किंवा मी तिला स्वतःहून विचारायला हवे होते.

चौथा दिवस उघड्या हवेतला: जंगल, समुद्र, शेत. वन्यजीवांचे आकर्षण जितके मोठे तितक्या कायम जागा कमी आहेत, हे आधी मान्य करावे. प्रत्यक्ष काम म्हणजे पहाटे ठरलेल्या रेषेवरून चालत दिसेल तो प्राणी, त्याचे अंतर आणि कोन लिहिणे, किंवा पावसात रात्री टॉर्च घेऊन बेडकांचे आवाज मोजणे, आणि मग त्या आकड्यांचे विश्लेषण करत महिनोन्‌महिने संगणकापुढे बसणे. हा दुसरा भाग कोणी सांगत नाही. ज्याला संख्याशास्त्र टाळायचे आहे त्याने या वाटेला जाऊ नये. शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही मोठी नावे आहेत. मुंबईची १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हौशी आणि होतकरू दोघांसाठीही उपक्रम घेते. सरकारी सेवेत यायचे तर लोकसेवा आयोगामार्फत वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक किंवा भारतीय वन सेवा हे मार्ग आहेत. एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. भारतीय वन सेवेसाठी पदवीच्या विषयांची ठरावीक यादी आहे, तिच्यात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र नावानिशी आहेत. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी घेतलेल्यांनी ती यादी वाचल्याशिवाय तयारीला लागू नये.

समुद्राची ओढ असेल तर दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था ही नावे लिहून ठेवा. शेतीशी नाते असेल तर बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना जाता येते. बी.एस्सी.त आलेल्यांसाठी ऊतीसंवर्धन, जैविक खते, बियाणे तपासणी ही दारे उघडी राहतात. जळगावच्या केळीच्या बागांमागे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे आहेत, आणि त्या प्रयोगशाळांत लॅमिनार फ्लो या निर्जंतुक हवेच्या कपाटापुढे बसून चिमट्याने एकेक कोंब वेगळा करणारे हात बहुतेक आपल्यासारख्याच पदवीधरांचे आहेत.

टेबलावरच्या कामांबद्दल थोडक्यात सांगते. आकड्यांची भूक असलेल्या त्या मुलाने पायथन किंवा आर ही संगणकभाषा शिकून जैवमाहितीशास्त्राकडे पाहावे. चिकित्सालयीन चाचण्यांची माहिती हाताळणे, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणे ही कामे पुणे-मुंबईत चांगल्या संख्येने आहेत, आणि त्यांना इंग्रजी लेखन स्वच्छ लागते. विज्ञानाचा पदवीधर पेटंट एजंटची परीक्षाही देऊ शकतो, पण ही वाट फार थोड्यांना ठाऊक आहे.

शिकवण्याच्या कामाबद्दल मी आतून लिहू शकते. शाळेसाठी दोन वर्षांचे बी.एड., मग पात्रता आणि अभियोग्यता चाचण्या आणि राज्याच्या ‘पवित्र’ पोर्टलवरील शिक्षक भरती असा क्रम आहे. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही राज्यपातळीवरील पात्रता परीक्षा लागते. सेट उत्तीर्ण झाल्यावरही मी सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले, उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन नसे, आणि तीन महाविद्यालयांत मिळून आठवड्याचे तास पुरे करावे लागत. त्या काळात घर कसे चालवायचे हा विचार केल्याशिवाय या वाटेवर पाय ठेवू नका. विचार करूनही यावेसे वाटले तर जरूर या, कारण मागच्या बाकावरच्या मुलाच्या चेहऱ्यावर एखादी संकल्पना उजळताना पाहण्याचा दिवस दुसऱ्या कोणत्याही कामात मिळत नाही.

चौथी पायरी: दोन दिवस निवडा आणि स्वतः जगून पाहा

वरील दिवसांपैकी फक्त दोन निवडा. तीन किंवा चार निवडले तर एकाचाही अनुभव पुरेसा घेतला जात नाही. मग पुढच्या दोन सुट्ट्या त्यांना द्या.

संशोधनासाठी उन्हाळी छात्रवृत्त्या आहेत. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पाठवतात. त्यासाठीची जाहिरात आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास पाहायला हवी, एप्रिलमध्ये शोधून उपयोग नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ हा कार्यक्रम जीवशास्त्रातही चालतो. त्यात निवड झाली तर प्रयोगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

निवड झाली नाही तर शास्त्रज्ञांना थेट ईमेल लिहा. आमची मुले ‘आदरणीय महोदय, मला आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी द्यावी’ असा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवतात आणि एकही उत्तर येत नाही. चाळीसऐवजी चार जण निवडा. प्रत्येकाचा एक शोधनिबंध सारांशापासून शेवटपर्यंत वाचा, अर्धा समजला तरी चालेल. ईमेलमध्ये तुम्ही कोण, कोणत्या वर्षात हे एका वाक्यात सांगा. मग त्या निबंधातील एखाद्या आकृतीबद्दलचा तुमचा खरा प्रश्न दोन-तीन वाक्यांत लिहा, आणि शेवटी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता ते सांगा. आठवड्याने एकदा नम्र आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. आमच्या वर्गातील एका मुलाने असे पाच ईमेल लिहिले, एकाचे उत्तर आले, आणि त्या एका उत्तरावर तो सहा आठवडे फळमाश्यांच्या बाटल्या धुवायला आणि माश्यांतील नर-मादी वेगळ्या करायला गेला. परत आला तेव्हा त्याचा निर्णय झालेला होता: आपल्याला हे काम नको. मला तो अनुभव सर्वार्थाने यशस्वी वाटला, कारण त्याची पाच वर्षे वाचली.

कारखान्यात विद्यार्थ्याला सहज प्रवेश मिळत नाही, म्हणून तिथे माजी विद्यार्थ्यांचा उपयोग करा. महाविद्यालयाकडे त्यांची यादी असते. त्यांच्याशी सुट्टीच्या दिवशी अर्धा तास बोला आणि ‘पगार किती’ हा प्रश्न शेवटी ठेवून आधी ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय-काय केले?’ असे विचारा. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मात्र गावातच आठवडाभर बसू देतात. सकाळी सात वाजता उपाशीपोटी आलेल्या रांगेपाशी उभे राहिले की पहिल्या दोन दिवसांतच मन कौल देते.

पाचवी पायरी: कोणते दार कधी बंद होते ते कॅलेंडरवर लिहा

आवड ठरली तरी तारीख चुकली तर वर्ष जाते. तिसऱ्या वर्षाची सुरुवात होताच हे कॅलेंडर भिंतीवर लावा. आयआयटी आणि अन्य संस्थांतील एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, पण तिचे अर्ज आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरावे लागतात. बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात गणिताचाही भाग असतो, त्यामुळे बारावीला गणित सोडलेल्यांनी किमान वर्षभर आधी पुस्तक उघडावे. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची गेट परीक्षाही फेब्रुवारीत असते आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी तिला बसू शकतात. बायोटेक्नॉलॉजीसाठी गॅट-बी, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आणि बी.एड.साठी राज्याची सीईटी यांच्या तारखा दरवर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून जाहिरात मूळ संकेतस्थळावरच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रावर विसंबू नका.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचे की चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायचे, हा आणखी एक निर्णय आता करावा लागतो. २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के किंवा समकक्ष श्रेणी असेल तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र होता येते, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. संशोधनाचा दिवस मानवलेल्यांना चौथे वर्ष उपयोगी आहे, पण त्यांच्या महाविद्यालयात संशोधन प्रकल्प करायला प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक खरोखर असतील तरच. नुसत्या कागदावरच्या प्रकल्पात वर्ष घालवण्यापेक्षा चांगल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी: घरी बोलणे आणि पैशांचा हिशेब

‘मला संशोधनात जायचे आहे’ असे वाक्य घरी टाकले की वडील गप्प होतात आणि आई काळजीत पडते. त्यांची काळजी रास्त असते, कारण त्यांच्यापुढे आकडे नसतात. म्हणून घरी बोलण्याआधी एका कागदावर दोन्ही निवडलेल्या वाटांचे वर्षवार कोष्टक करा: कोणत्या वर्षी किती शुल्क, किती राहण्याचा खर्च, कोणती शिष्यवृत्ती, आणि स्वतःची पहिली कमाई कोणत्या वर्षी. महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्त्यांना लागणारे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले वेळेत काढलेले नसतात म्हणून पात्र मुलांचे अर्ज राहून जातात, ही दरवर्षीची गोष्ट आहे. दाखल्यांसाठी जूनची वाट पाहू नका. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींचीही माहिती घ्या.

धाकटी भावंडे शिकत असतील किंवा घरावर कर्ज असेल, तर आधी दोन-तीन वर्षे क्यूसीची नोकरी करून मग एम.एस्सी.ला जाणे हा पूर्ण प्रतिष्ठेचा मार्ग आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत अशा विद्यार्थ्याची हाताची सफाई लगेच दिसते. मुलींच्या घरी लग्नाचा विषय याच वर्षांत निघतो, आणि त्या वेळी ‘अजून शिकायचे आहे’ या मोघम उत्तरापेक्षा ‘फेब्रुवारीत परीक्षा, जुलैत प्रवेश, दोन वर्षांनी पदवी, त्यानंतर छात्रवृत्ती’ हे तारखांचे उत्तर घरच्यांना पटण्याची शक्यता जास्त असते. गरज वाटल्यास आई-वडिलांना विभागात घेऊन या. अशा पालकांशी बोलण्यासाठी मी शनिवारची दुपार मोकळी ठेवते, आणि तुमचे शिक्षकही वेळ काढतील.

सातवी पायरी: दोन वर्षांसाठी ठरवा

आयुष्यभराचा निर्णय एकविसाव्या वर्षी घ्यायचा आहे असे मानले की हातपाय गळतात. ठरवायचे ते पुढच्या दोन वर्षांपुरते. निवडलेल्या वाटेवर दोन वर्षांनी तुम्ही कुठे असायला हवे ते वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा, आणि तिथे पोहोचला नाहीत तर दुसऱ्या निवडलेल्या वाटेवर कधी वळायचे तेही त्याच पानावर लिहा. उदाहरणार्थ: ‘जून २०२८ पर्यंत नेट दोनदा देईन. नाही झाले तर त्याच जुलैत नोकरीचे अर्ज.’ हे पान घरातील एका माणसाला आणि एका शिक्षकाला दाखवा.

बारा स्लाइड करणारी ती मुलगी एम.एस्सी. करून आधी एका लसींच्या कारखान्यात गेली. तिथे तिने तीन वर्षे कॉलनी मोजल्या, आणि एका पावसाळ्यात प्लेटवर वारंवार उगवणाऱ्या एकाच बुरशीचा माग काढत ती खोलीच्या छतातील एका फटीपर्यंत पोहोचली. तो अहवाल लिहिताना आपल्याला हेच करायचे आहे असे तिला वाटले, आणि आता ती बुरशींवर पीएच.डी. करते आहे. मागच्या महिन्यात ती महाविद्यालयात आली होती. प्रयोगशाळेत प्रथम वर्षाचे कांद्याच्या मुळांचे प्रात्यक्षिक चालू होते. पिशवी बाकावर ठेवून ती एका मुलीच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “अंगठा सरळ खाली दाब, बाजूला नको.”